सकाळचा क्रम आणि न्याहारीचे ताट : पन्नाशीकडे झुकलेल्या एका नोकरदार स्त्रीचे प्रकरण

पार्श्वभूमी

सुनंदाताई (नाव व ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) सांगली शहरालगतच्या एका गावात राहतात आणि शहरातील एका सहकारी पतसंस्थेत रोखपाल आहेत. वय ४८, उंची १५४ सेंटीमीटर, वजन ६६ किलो, कमरेचा घेर ९२ सेंटीमीटर. घरात हार्डवेअरचे दुकान चालवणारे पती, ७६ वर्षांच्या सासूबाई आणि बारावीतली मुलगी असते. मोठा मुलगा पुण्याला शिकतो. सासूबाई माळकरी असल्याने घरात अंडे किंवा मांस शिजत नाही आणि सुनंदाताईही लग्नानंतर ते खात नाहीत. सोमवार आणि संकष्टी हे त्यांचे ठरलेले उपवास असून श्रावणात व नवरात्रात त्यांत भर पडते.

जूनच्या सुरुवातीला त्या आहारसल्ल्यासाठी माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांची मागणी अगदी सरळ होती : वजन उतरवायचे आहे, तेव्हा सकाळी काय खायचे ते लिहून द्या. पाळी गेले वर्षभर अनियमित झाली होती. कधी दोन महिने यायची नाही आणि आली की आठ-नऊ दिवस जोरात जायची. रात्री तीनच्या सुमारास अंगाला दरदरून घाम सुटून जाग यायची. जिना चढताना धाप लागायची, संध्याकाळी पायांना मुंग्या यायच्या, आम्लपित्ताचा त्रास होता, आणि दुपारी चार वाजता नोटा मोजताना डोळ्यांवर झापड यायची. भारतीय स्त्रियांत रजोनिवृत्ती सरासरी ४६-४७ व्या वर्षी येते, त्यामुळे यातले बरेचसे ‘या वयात व्हायचेच’ म्हणून घरात आणि कार्यालयात मोडीत काढले गेले होते.

समस्या

पहिल्या भेटीत काय खाता हे विचारण्याऐवजी उठल्यापासून दुपारच्या डब्यापर्यंतची सकाळ क्रमाने सांगायला लावली, आणि प्रकरणाचा गाभा तिथेच सापडला. साडेपाचला उठणे, कारण पावणेसहाला नळाला पाणी येते. उठल्याबरोबर थायरॉइडची गोळी, तीही विसरू नये म्हणून पहिल्या चहाच्या घोटाबरोबर. पावणेसातला मुलगी क्लासला निघते, तोवर तिचा डबा. मग पतीचा आणि स्वतःचा डबा, झाडलोट, पतीची आंघोळ, आणि सगळ्यांत शेवटी आठच्या सुमाराला स्वतःची. सासूबाईंचा दंडक असा की पारोशाने खायचे नाही आणि देवपूजा होईपर्यंत तोंडात काही घालायचे नाही. चहाला मात्र हा दंडक लागू नाही. पूजा आटोपेपर्यंत साडेआठ वाजतात आणि पावणेनऊला स्कूटर बाहेर काढावी लागते. म्हणजे खाण्याची परवानगी मिळते तेव्हा खायला वेळ उरलेला नसतो. ओट्याशी उभ्यानेच दुसरा चहा आणि चार मारी बिस्किटे, ही त्यांची न्याहारी.

त्यानंतर अकराला कार्यालयात पुन्हा चहा, सोबत कोणीतरी आणलेले भडंग किंवा समोरच्या गाड्यावरची भजी. दीडला दोन पोळ्या व भाजी. दुकान बंद करून पती घरी येतात तेव्हा साडेनऊ होतात, आणि पोटभर जेवण असे म्हणावे ते पावणेदहाला होते. सकाळी भूकच लागत नाही असे त्यांनी आवर्जून सांगितले. रात्री दहाला भरपेट जेवून पहाटे साखरेचा चहा घेणाऱ्याला ती लागणार तरी कशी?

आकड्यांत मांडले तर दुपारी दीडपर्यंत त्यांच्या पोटात जेमतेम पाच-सहा ग्रॅम प्रथिने जात होती, त्यातलीही बरीचशी चहातल्या दुधाची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ५५ किलो वजनाच्या प्रौढ स्त्रीला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात, आणि चाळिशीनंतर स्नायू हळूहळू घटत जातात, इस्ट्रोजेन ओसरल्यावर हाडेही अधिक वेगाने झिजतात. दिवसभरात दीड-दीड चमचा साखरेचे पाच अर्धे कप चहा व्हायचे, म्हणजे नुसत्या चहातून ३५ ग्रॅमच्या आसपास साखर.

तपासणीचे अहवाल त्यांनी सोबत आणले होते. हिमोग्लोबिन १०.२ (स्त्रियांत १२ च्या खाली रक्तक्षय धरतात), थायरॉइड कमी पडले की वाढणारे टीएसएच ७.८, आणि तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारे एचबीए१सी ६.१. शेवटच्या आकड्याने त्या घाबरल्या होत्या, कारण त्यांच्या आईला मधुमेह होता. पहिल्या आकड्याचे मात्र त्यांना काहीच वाटत नव्हते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. जी गोष्ट निम्म्याहून अधिक बायकांना आहे तिला आजार कोण म्हणणार, अशीच आपल्याकडची रीत आहे.

निर्णयाचे पहिले वळण : आधी न्याहारी की आधी डॉक्टर

मागितले ते लिहून देणे सोपे होते. पण आठ-नऊ दिवस जोराचा रक्तस्राव, धाप आणि १०.२ हिमोग्लोबिन ही लक्षणे न्याहारीच्या तक्त्याने झाकली असती तर ते धोक्याचे ठरले असते. म्हणून त्यांना आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे आणि त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे पाठवले. सोनोग्राफीत काळजीचे काही निघाले नाही. लोहाचा साठा तपासल्यावर तो तळाला गेल्याचे दिसले आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. गूळ-शेंगदाणे खा, रक्त वाढेल, असा सल्ला त्यांना पतसंस्थेतल्या प्रत्येकीने दिला होता. गूळ-शेंगदाणे खाण्याला हरकत काहीच नाही, पण एवढी तूट त्यांनी भरून निघत नाही.

साखरेच्या आकड्याबाबत डॉक्टरांनी घेतलेला पवित्रा मुद्दाम नोंदवण्यासारखा आहे. लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय झालेला असताना एचबीए१सी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकते. त्यामुळे ६.१ या एका आकड्यावर ‘मधुमेहपूर्व अवस्था’ असा शिक्का न मारता त्यांनी उपाशीपोटीची आणि ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांची साखर पाहिली. ती अनुक्रमे १०४ आणि १३२ आली. पहिली किंचित सीमेबाहेर, दुसरी सीमेच्या आत. औषध नको, लोह भरून आल्यावर पुन्हा तपासू, असे ठरले.

थायरॉइडच्या बाबतीतही तसेच. टीएसएच वाढलेले पाहून गोळीची मात्रा वाढवणे हा नेहमीचा मार्ग होता. पण ही गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही घ्यायचे नसते. चहाबरोबर ती नीट शोषली जात नाही. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी तर चार तास लांब ठेवावी लागते, आणि सुनंदाताई कॅल्शियमची गोळी दुसऱ्या चहाबरोबर घेत होत्या. तेव्हा मात्रा तीच ठेवून वेळ बदलायची आणि दोन महिन्यांनी पाहायचे, असा निर्णय डॉक्टरांनी घेतला. थायरॉइड कमी पडले तरी रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून या एका बदलाकडून बऱ्याच अपेक्षा होत्या.

विचारात घेतलेले पर्याय

न्याहारी अजिबात न करता दिवसातून दोनदाच जेवायचे, हा सुनंदाताईंच्या मनातला पहिला पर्याय होता. महाराष्ट्रात गेली काही वर्षे ही पद्धत घरोघरी चर्चेत आहे आणि त्यांच्या दोन मैत्रिणींचे वजन त्यात उतरलेही होते. हा पर्याय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. न्याहारी राजासारखी करावी हे वाक्य भिंतीवर टांगायला ठीक आहे. न्याहारी सुरू केल्याने वजन घटते असे नियंत्रित चाचण्यांत दिसलेले नाही, आणि ती चुकवली की चयापचय ‘झोपतो’ या म्हणण्यालाही आधार नाही. सुनंदाताईंच्या बाबतीत अडचण वेगळी होती. रक्तक्षय, आम्लपित्त, शाकाहार आणि रात्री दहाचे जेवण असताना दोन बैठकांत पुरेशी प्रथिने आणि कॅल्शियम बसवणे कठीण होते. शिवाय दोन जेवणांमधले चहा सुटणार नव्हते, आणि साखरेचा चहा चालू ठेवून केलेला उपवास फक्त नावाचा उरतो.

दुसरा पर्याय पाकिटांचा. मुलीने आणलेले मसाला ओट्स त्यांनी आधी काही दिवस खाऊन पाहिले होते. घरात ते बाकी कोणी खात नव्हते, म्हणजे एकीसाठी वेगळे भांडे चढवायचे. त्या पाकिटांत मीठही भरपूर असते आणि प्रथिने फारशी नसतात. प्रथिनांच्या पावडरीचा विषय निघाला तो किंमत ऐकून तिथेच संपला.

तिसरा पर्याय घरातल्याच पदार्थांचा होता, आणि तो निवडणार हे जवळपास उघड होते. तरी त्यातही निवड करावीच लागते. पोहे, उपमा, साबुदाण्याची खिचडी हे घरचे पदार्थ असले तरी पोटात मुख्यतः पिष्टच जाते. साबुदाण्यात तर प्रथिने जवळजवळ नसतातच, जी काही येतात ती दाण्याच्या कुटातून. म्हणून पदार्थ तेच ठेवून त्यांतले प्रमाण बदलायचे ठरवले : पोह्यांत वाटीभर मटकीची उसळ किंवा मटार आणि वरून लिंबू, थालीपिठाबरोबर लोण्याऐवजी वाटीभर दही, आदल्या रात्रीच्या भाकरीबरोबर घट्ट पिठले. मुख्य आधार मात्र मुगाच्या धिरड्यांचा ठेवला. पन्नास ग्रॅम मुगाच्या डाळीची दोन धिरडी, एक वाटी दही आणि चमचाभर शेंगदाण्याची चटणी एवढ्यात १७ ग्रॅमपर्यंत प्रथिने मिळतात. उपवासाच्या दिवशी खिचडीऐवजी वरईचा भात आणि दाण्याची आमटी किंवा राजगिऱ्याची भाकरी आणि दही, याला सासूबाईंची हरकत असण्याचे कारण नव्हते.

निर्णयाचे दुसरे वळण : वेळ कुठून आणायची

खरी अडचण ताटात नव्हतीच. सुरुवातीला न्याहारीसाठी सातची वेळ सुचवली होती आणि ती आठवडाभरातच फसली, कारण सातला त्या पोळ्या लाटत असतात आणि आंघोळ झालेली नसते. अर्धा तास लवकर उठा, हा उपाय अशा वेळी सहज तोंडात येतो आणि बायकांना तो सर्रास दिलाही जातो. रात्री तीनला घामाने जाग येणाऱ्या स्त्रीची उरलीसुरली झोप कापून तिला न्याहारी द्यायची, यात शहाणपण कसले? तो पर्याय त्यांच्यासमोर मांडलाच नाही.

मग उरले दोन मार्ग. पारोशाने न खाण्याचा दंडक मोडायचा, किंवा आंघोळ आणि पूजा यांचा क्रम बदलायचा. सुनंदाताईंचा कल पहिल्याकडे नव्हता. “आत्याबाईंना दुखवून खाल्लेलं मला पचणार नाही,” असे त्या म्हणाल्या, आणि त्यांना तेवीस वर्षे एका घरात राहायचा अनुभव होता, मला नव्हता. पुढच्या भेटीला सासूबाईंनाच बोलावले. त्या आल्या त्या नाराज चेहऱ्यानेच. पण सुनेच्या हिमोग्लोबिनचा कागद समजावून सांगितल्यावर त्यांनी विचारले की पूजा सुनेनेच करायची असे कुठे लिहिले आहे. गुडघ्यांमुळे त्यांनी पूजा सुनेकडे सोपवली होती. देव्हारा खाली पाटावर होता, तो कमरेइतक्या उंचीच्या फळीवर घेतला तर खुर्चीत बसून त्या स्वतः पूजा करू शकत होत्या. पतीच्या दुकानात फळी आणि खिळे यांची वाण नव्हती. त्याच रविवारी देव्हारा वर गेला.

दुसरा बदल आंघोळीच्या पाळीचा. मुलगी क्लासला गेली की लगेच सुनंदाताई आणि त्यांच्यानंतर पती, असे ठरले. पतीने यावर काही कुरकुर केली नाही, पण सकाळचे पाणी भरायचे काम त्यांनी आपल्याकडे घ्यावे ही सूचना मान्य व्हायला महिना गेला.

प्रत्यक्ष कृती

नवी सकाळ अशी बसली. उठल्यावर बिनचहाची, पाण्याबरोबर थायरॉइडची गोळी. त्यासाठी गोळ्यांची पट्टी चहाच्या डब्याजवळून उचलून उशाशी ठेवली. पहिला चहा साडेसहाला, अर्धा चमचा साखरेचा. पावणेसातला आंघोळ, मग पोळ्या. मुगाची डाळ आदल्या दिवशी भिजत घालून संध्याकाळी आले-मिरची-जिऱ्यासह वाटायची आणि फ्रिजमध्ये ठेवायची. तीन दिवसांचे एकदम वाटून ठेवले तर तिसऱ्या दिवशी ते आंबूस लागते, म्हणून दोनच दिवसांचे. शेवटची पोळी उतरली की त्याच तापलेल्या तव्यावर धिरडी. वेगळा तवा नाही, वेगळा गॅस नाही, आणि पाठ टेकून बसायला पावणेआठ ते आठ अशी पंधरा मिनिटे मिळाली.

त्या पंधरा मिनिटांत सासूबाईही ताटाला बसू लागल्या. दातांमुळे त्यांनी भाकरी सोडून बराच काळ चहात बुडवलेल्या बटरांवर सकाळ काढली होती. मऊ धिरडे त्यांना चावता येत होते. ही गोष्ट योजनेत नव्हती, पण योजना टिकली ती बऱ्याच अंशी यामुळेच, कारण आता धिरडी न करणे म्हणजे सासूबाईंनाही उपाशी ठेवणे झाले होते.

न्याहारीसोबत चहा नको हे पटवणे सर्वांत जड गेले. चहातील टॅनिनमुळे अन्नातले लोह कमी शोषले जाते, याउलट लिंबू, आवळा, पेरू यांतल्या क जीवनसत्त्वाने ते अधिक शोषले जाते. अकराच्या चहाची जागा लोहाच्या गोळीला आणि लिंबूपाण्याला दिली, म्हणजे गोळीला उपाशी पोटही मिळाले आणि भडंगाचे निमित्तही गेले. कॅल्शियमची गोळी रात्रीच्या जेवणानंतर नेली.

ऑगस्टमध्ये घडी विस्कटली. श्रावणी सोमवारांना जोडून आणखी उपवास आले, आणि त्याच काळात लोहाच्या गोळीने बद्धकोष्ठ होऊन त्यांनी ती कोणाला न सांगता बंद केली. पुढच्या भेटीत ‘गोळी घेता ना’ या प्रश्नाला होकार मिळाला. ‘पट्टीत किती उरल्या’ या प्रश्नाने खरे कळले. डॉक्टरांनी ती एक दिवसाआड करून दिली आणि मग ती चालू राहिली. याच सुमारास पायांच्या मुंग्या कमी होत नाहीत म्हणून बी-१२ जीवनसत्त्व तपासले, ते कमी निघाले आणि त्याचे उपचार सुरू झाले.

परिणाम

दोन महिन्यांनी टीएसएच ३.६ आले, गोळीची मात्रा वाढवावी लागली नाही. जानेवारीत हिमोग्लोबिन १२.१ होते, एचबीए१सी ५.७, वजन ६४ किलो आणि कमरेचा घेर ८९ सेंटीमीटर. धाप थांबली, आम्लपित्ताचा त्रास आठवड्यातून कधीतरी होण्यापुरता उरला. रात्रीचा घाम जसाच्या तसा आहे, आणि न्याहारीने तो जाईल असे त्यांना कोणी सांगितलेही नव्हते. त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांशी स्वतंत्रपणे बोलणे चालू आहे.

यातले श्रेय न्याहारीला किती द्यायचे, याबाबत सावध राहायला हवे. हिमोग्लोबिन गोळ्यांनी वाढले. टीएसएच गोळीची वेळ बदलल्याने उतरले. एचबीए१सी मधली घट साखरेतली किती आणि रक्तक्षय भरून आल्याने आकडाच खरा झाला म्हणून किती, हे वेगळे काढता येत नाही. न्याहारीच्या खात्यावर खात्रीने जमा करता येते ते इतके : दुपारी दीडपर्यंतची प्रथिने पाच-सहा ग्रॅमवरून सतरा-अठरावर गेली, चहाची साखर निम्म्याहून कमी झाली आणि गाड्यावरची भजी सुटली. दोन किलो वजन हा आकडा सुनंदाताईंना तोकडा वाटला. रात्रीचे जेवण अजूनही पावणेदहालाच होते, ते न बदलता वजनाकडून यापेक्षा जास्त अपेक्षा करता आली नसती.

वेगळे काय करता आले असते

बी-१२ ची तपासणी पहिल्याच फेरीत व्हायला हवी होती. वर्षानुवर्षे शाकाहार, रक्तक्षय आणि पायांना मुंग्या हे तिन्ही जूनमध्ये समोर होते. अडीच महिने त्या मुंग्यांचा दोष काउंटरवर दिवसभर बसण्यावर गेला.

सासूबाईंना दुसऱ्या महिन्यात बोलावण्याऐवजी सुरुवातीलाच बोलावले असते तर सातच्या वेळेचा फसलेला प्रयोग टळला असता. मात्र याला दुसरी बाजू आहे : अनोळखी सल्लागारासमोर पहिल्याच दिवशी सासूबाई असत्या, तर पाळीच्या तक्रारी सुनंदाताईंनी इतक्या मोकळेपणी सांगितल्या असत्या का, याची शंका वाटते. अशा घरांत पहिली भेट एकटीची आणि दुसरी कुटुंबासह, ही विभागणी मला आता बरी वाटते.

रात्रीच्या जेवणाला हातच घातला गेला नाही. दुकानाच्या वेळेमुळे ते जमणार नाही असे गृहीत धरले गेले. सुनंदाताई व मुलगी यांनी आठला जेवावे आणि पतीचे ताट झाकून ठेवावे, हा पर्याय निदान विचारायला हवा होता. तो आता मांडला आहे आणि त्यावर घरात अजून एकमत झालेले नाही. स्नायूंसाठी वजन उचलण्याचा व्यायामही राहिला. प्रथिने वाढवली तरी स्नायूंना काम मिळाल्याशिवाय त्यांचा पुरता उपयोग होत नाही. पतसंस्थेत मार्चअखेरची धांदल सुरू होईल तेव्हा त्या रात्री उशिरा घरी येतील, म्हणून व्यायामाची सुरुवात एप्रिलवर ढकलली आहे. तोवर डाळ वाटण्याचे काम मुलीने घ्यावे असे ठरले होते, पण तिची बोर्डाची परीक्षा असल्याने ते पतीकडे गेले आहे.